तपकिरी, काळा, लाल

दिघोरीत मे महिना भिंतीतून आत येतो.
कूलरची टाकी आटली की पंप कोरडाच घुमतो
आणि जळतो. या उन्हाळ्यात दोन जळले.
म्हणून हा बोर्ड:
पाणी संपलं की चिप सांगेल,
ट्रान्झिस्टर ऐकेल, रिले सुटेल.

पहिल्यांदा मी मध्ये काहीच ठेवलं नाही.
चिपची पिन थेट बेसला.
एवढीशी पिन, वीस मिलिअँपची ऐपत,
समोरचा ओढेल तेवढं देत बसली
आणि रात्री कधीतरी मुकी झाली.
धूर नाही, वास नाही. सकाळी नुसतं शून्य.

दुसऱ्यांदा घाबरून लावले दहा हजार ओहम.
रिले थरथरत राहिला,
ट्रान्झिस्टर बोटाला कोमट,
कणकण अंगातून न गेलेल्या पोरासारखा.
दारात खस भरत बसलेले बाबा म्हणाले,
“काऊन वं, हा तं हो-नाही हो-नाही करून रायला.
एक काही तं सांगू दे त्याले.”

वीजबिलाच्या पाठीवर मांडलं मग.
पाच व्होल्टमधून बेसचे शून्य पूर्णांक सात वजा,
उरले चार पूर्णांक तीन.
रिलेला लागतात सत्तर मिलिअँप.
कागदावर हा शंभरपट करणारा गडी;
मी वीसच धरले.
बाबाही धरतात असंच,
शंभर विटा नेतो म्हणणारा
दुपारी किती नेतो ते त्यांना ठाऊक.
साडेतीन मिलिअँप. भागाकार: बाराशेच्या जरा वर.

सीताबर्डीत नंदेश्वरांकडे बाराशेचा नव्हता.
“हजार ने, ताई. थोडं जास्त गेलं तं चालते,
अर्धवट नको.”
पिनला चार-साडेचार मिलिअँप. झेपेल.
एकच हवा होता, सुटा देत नाहीत,
शंभराची पट्टी घेतली.
वर एक डायोड त्यांनी फुकट ठेवला हातावर:
“उलटा लाव कॉइलवर.
सुटताना लाथ मारते ते.”

रात्री दोनला टाकी संपली.
टक.
एकदाच.
बाबा उठले, माझ्याकडे न बघता
बादली घेऊन नळावर गेले.
टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज,
मग पुन्हा टक,
आणि ओल्या खसाचा वास खोलीभर.

साबुदाण्याच्या डब्यात
नव्व्याण्णव उरलेत.