चार बोटांचं अंतर

मला ते आता वरून आठवतं.
घरांचे गंजके पत्रे, कालव्याची काळी रेघ,
आणि मुंगीएवढा जोएल्सन धावताना.

खरं तर मी खाली उभी होते,
असाईच्या यंत्रापाशी, कोपरापर्यंत जांभळी,
दाराला लाल झेंडा, म्हणजे आज ताजं आहे.
हेलिकॉप्टरात मी कशाला बसते?
बेलेंच्या बाहेर पडले तीही एकदाच,
बहिणीच्या मयताला, बोटीने.

मी पाहिलं ते एवढंच:
पोरगा फळ्यांच्या पुलावरून आला,
हातात काहीतरी होतं. मोबाइल की आणखी काही,
ते मला तेव्हाही दिसलं नव्हतं.
मागून दोन पोलीस.
थोराड होता त्याने धरलं, पाडलं,
आणि पडल्यावर मारलं.
पडल्यावर. हा शब्द मी तोलून वापरते.
दुसरा किडकिडीत, मिसरूड नुकतं फुटलेला,
पट्ट्यात अंगठे खोचून उभा.
मग तो वाकला,
पुलावर राहिलेली चप्पल उचलली,
स्वतःच्या मांडीवर झटकली
आणि बेड्या पडलेल्या पोराच्या पायात घातली.
डाव्या.

बाई माइक घेऊन आली, घामाने पावडर ओघळलेली.
मी तिला सगळं सांगितलं, चप्पलसुद्धा.
पीठ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत राहिलं.
दुपारी पडद्यावर मी आले.
नाव इरासिल्दाचं इरासेमा झालेलं,
आणि तोंडात तीनच शब्द:
"तो धावत होता."

पुढे निवेदक टेबलावर थाप मारतो,
मग ते वरचं चित्र,
लाल गोल, गोलात जोएल्सन,
पुन्हा, जाहिरातीनंतर पुन्हा.
माझ्याच दुकानातल्या टीव्हीवर सात वेळा.
बंद करावा, तर गिऱ्हाइकं ओरडतात.

रात्री पोरांच्या मोबाइलवर दुसरं चित्र फिरलं.
त्यात फक्त हात, वर खाली, वर खाली.
त्याआधीचं नाही, नंतरचंही नाही.
गल्लीचे दोन भाग झाले.
अर्धे म्हणाले, बाई पोलिसांना विकली गेली.
प्रार्थनाघरातल्या दोघी केक घेऊन आल्या,
खरं बोललीस म्हणून.
केक मी खाल्ला. लाज वाटली, पण नारळाचा होता.

आमच्याकडे म्हणत, डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर.
आई कानशिलावर बोटं ठेवून मोजून दाखवायची.
आता बोटं ठेवायला जागाच राहिली नाही.

जोएल्सनची आई येते, काही विचारत नाही,
अर्धा लिटर घेते, सुटे पैसे मोजून देते.
तिला चपलेचं सांगितलं तर काय होईल?
थोराडाचा हात हलका होईल का?
नाही सांगितलं तर
तो किडकिडीत कुठे जाईल?

तोही आला एकदा. साध्या कपड्यांत.
यंत्र बंद होईपर्यंत थांबला.
"तुम्ही पाहिलंत ना, बाई? मी त्याला चप्पल..."
पाहिलं, म्हटलं.
त्याने श्वास सोडला, जणू सही मिळाली.
आणि त्याआधी तुझे अंगठे कुठे होते,
तेही पाहिलं.
पैसे ठेवून गेला. असाई तसंच राहिलं, साय धरली.

जोएल्सन अजून आत आहे.
टीव्हीवर आता दुसरा पूल, दुसरा पोरगा.

झोपाळ्यात पडल्यावर मी रोज
त्या उंचीवरून खाली उतरायला बघते.
पत्र्यांपर्यंत येते, झेंड्यापर्यंत येते.
माझ्या जांभळ्या हातांपर्यंत आले
की मग पूल दिसतो, सरळ, समोरून,
मांडीवर झटकलेली धूळ दिसते,
पाय दिसतो.
डावा.
डावाच होता ना?