नमुना क्रमांक सात

पुलाच्या कठड्यावरून दोरीने बादली सोडायची,
फेस बाजूला सारायचा, बाटली भरायची.
बाटलीवर पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ, पूल.
अंबाझरीच्या सांडव्याखाली नमुना क्रमांक एक.
तिथे नागनदी अजून पाण्यासारखी दिसते,
पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले,
कुणाची वाट पाहत नाहीत.
सातवा नमुना पारडीच्या अलीकडे.
तिथे मी नाकाला ओढणी बांधते
आणि दुधपचारे जीपची काच वर करतो.

सातव्या पुलाशी एक वायर लोंबते,
केबलवाले विसरून गेलेली.
तिच्यावर तो.
चोच गाजरासारखी, शरीराला न शोभेल इतकी मोठी,
डोकं विटकरी,
छाती पांढरी, कडक इस्त्रीची.
आणि पाठीचा निळा:
या अख्ख्या काठावर, पत्र्यांत, पोस्टरांत, प्लास्टिकात
सगळे रंग आहेत,
तो एक नाही.

पुस्तकात त्याला खंड्या म्हणतात, मी सांगितलं.
काही जण धीवर म्हणतात.
काच अर्धी खाली आली.
"धीवर तं आम्ही आहो, मॅडम.
जातीच्या दाखल्यावर लिहून आहे."

मग तोच बोलत राहिला, इंजिन बंद करून.
वैनगंगेकाठचं गाव, गोसीखुर्दाच्या पाण्यात गेलं.
बापाचं जाळं, बोटीचा अर्धा हिस्सा, मोहाची दोन झाडं.
"हेच पाणी जाते न तिकडं? नागेतून कन्हानीत,
कन्हानीतून आमच्या दारावरून.
आता दार नाही. पाणी जाते."

तेवढ्यात तो वायरवरून सुटला.
मला वाटलं पाण्यात. नाही.
काठावरच्या बेशरमीत शिरला
आणि चोचीत सरडा घेऊन वर आला.
वायरवर आपटला. पुन्हा आपटला.
धुणं आपटावं तसा,
शेपूट हलायची थांबेपर्यंत.

"मासे नाही भेटत तं सरडे खाऊन राह्यला बापा,"
दुधपचारे म्हणाला.
"आम्हीबी तेच केलं. जाळं टांगलं, स्टेअरिंग धरलं."
हसला तो. मी हसावं की नाही
मला कळलं नाही, म्हणून दोरी गुंडाळली.

विरघळलेला प्राणवायू: शून्य पूर्णांक चार.
एवढ्यात मासा जगत नाही,
पण शेकाटे येतात, लांब गुलाबी पाय उचलत,
नाल्याच्या तोंडाशी उंची चपला घालून
लग्नाला आल्यासारखे.
वंचक सिमेंटच्या पोत्यावर पोत्याच्याच रंगाचा.
टिटवी तर आम्हालाच हाकलते,
जागा तिच्या नावावर आहे.
हे सगळं कुठे भरू? रकाना नाही.
"शेरा" मध्ये लिहिलं: खंड्या, एक.
साहेबांनी लाल पेनाने गोल केला,
विचारलं, हे कोणतं प्रदूषक?

उन्हाळ्यात पोकलेन आली.
काठ उभा कापला, गाळ उपसला, भिंत घातली,
सरळ, करडी, दोन पुरुष उंच.
त्या काठात एक भोक होतं, मुठीएवढं.
मी पाहिलं होतं त्याला आत जाताना
चोचीत काहीतरी धरून, त्याच आठवड्यात.
कुणाला सांगायचं होतं? निविदा निघाली होती.
मी काहीच सांगितलं नाही,
हे इथे लिहून ठेवते.

जूनमध्ये वायर रिकामी. जुलैत पूर, नमुने बंद.
ऑगस्टात मी बादली सोडत होते
आणि दुधपचारेने हॉर्न नाही वाजवला,
फक्त काचेवर बोटाने टकटक केली.
भिंतीत पाणी झिरपायला पाइप ठेवलेले असतात,
ओळीने, हातभर अंतरावर.
तिसऱ्या पाइपच्या तोंडाशी तो,
मान तिरकी करून आत बघत होता,
भाड्याची खोली बघायला आलेला माणूस बघतो तसा:
ओल किती, अंधार किती,
मुलं कुठे झोपतील.

आत गेला नाही.
उडूनही गेला नाही.

बादली भरून दोरीला ताण आला होता.
"राहू द्या थोडं," दुधपचारे म्हणाला.
काच पूर्ण खाली होती.