आधी बर्फ

पहाटे पावणेचारला माझा फोन
माझ्याआधी जागा होतो.
दाजी केळुसकराला वीस लाद्या,
'सागरकन्ये'ला चाळीस, पैसे अमावास्येनंतर,
रत्नागिरीचा भाव, मालवणचा भाव,
कुणाच्यातरी बारशाचा व्हिडिओ.
अंथरुणातच बसून मी खूण करतो:
कपाळ, छाती, डावा खांदा...
उजव्या खांद्याआधी अंगठा काचेवर घसरतो.
अर्धा क्रूस घेऊनच
मी दिवसात शिरतो.

वेंगुर्ला बंदराच्या वाटेवर, वळणाला, आमचा खुरीस.
पांढरा चुना, पायथ्याशी मेणाचे जुने ओघळ,
फिलूने रविवारी घातलेली अबोलीची वेणी.
बावीस वर्षं मी त्याला स्कूटरवरून मान तुकवतो,
गिअर न बदलता.
देवा, तुला माझा वेग ठाऊक आहे.
चेहरा आठवतो का,
ते मी कधी विचारलं नाही.

कारखान्यात अमोनियाचा वास,
जुस्तीन क्रशरमध्ये लाद्या ढकलतो,
आणि मी वहीच्या आड 'आमच्या बापा' पुटपुटतो.
रोजच्या भाकरीच्या ओळीला
हटकून कुणीतरी येतं:
सुटे आसत काय?
सुटे देतो.
पुढची ओळ क्षमेची. ती तशीच राहते,
आणि त्याच माणसाशी मी
मागच्या उधारीवरून भांडतो.

दिवाळीनंतर बांगडा लागला.
पाणी उकळल्यासारखं दिसत होतं.
पावलू रेबेलचा आग्नेल रांगेत थांबला नाही.
"मासो थांबता काय कोणासाठी?
बर्फ मागीर बघूया."
वाटेत इंजिन बसलं. दुसऱ्या दुपारी परतला.
होडी इतकी भरलेली
की लाट काठावर हात टेकून आत डोकावत होती.
वरचा थर नुसती चांदी.
फावडं खाली गेलं तेव्हा
फुटलेली पोटं, पांढरे डोळे, आणि तो वास.
सगळं खताच्या टेम्पोत गेलं.
संध्याकाळी पोरगा माझ्या दाराशी आला,
बर्फ आहे का म्हणून.
मी म्हटलं, आता कशावर घालणार?
बर्फ आधी भरायचा असतो रे, किनाऱ्यावर,
होडी रिकामी असताना.

तो गेला. वाक्य मात्र
माझ्याच घशात राहिलं,
काट्यासारखं आडवं.

माझा बाप, इनास,
होडी लोटण्याआधी ओल्या रेतीत गुडघे टेकायचा.
बाकीचे ओरडायचे, पाणी जातंय!
त्याला प्रार्थनेतल्या निम्म्या शब्दांचे अर्थ येत नव्हते.
त्याने इतरांपेक्षा जास्त मासे मारले, असंही नाही.
कमीच मारले, आई सांगायची.
पण त्याला घाईत पाहिल्याचं
मला आठवत नाही.

परवा वळणावर मी स्कूटर बंद केली.
शांतता वगैरे नव्हती.
कुत्रा भुंकत होता, डास होते,
पंपाचं सील गळतंय ते डोक्यात गळत होतं.
दाजीच्या वीस लाद्यासुद्धा
माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या.
मी म्हटलं, प्रभू, बसू देत त्यांना,
पण मागच्या बाकावर.
भाकरीची ओळ आली. खिशात फोन थरथरला.
थरथरू दिला.
क्षमेच्या ओळीला आग्नेल दिसला,
दारात, रिकामी टोपली घेऊन,
आणि मी त्याला शहाणपण देत असलेला.
तिथे बराच वेळ लागला.
मग कपाळ, छाती, डावा खांदा,
उजवा.

कारखाना सात मिनिटं उशिरा उघडला.
दाजी कुलपापाशी बिडी ओढत उभा:
"खंय होतंस रे?"
मी उत्तर दिलं नाही.
पँटच्या गुडघ्याला मेण चिकटलं होतं,
ते नखाने खरवडत राहिलो.
सगळं निघालं नाही.