फुनेहून आलेली

बेट एवढंसं,
कोथरूड डेपोहून बस स्वारगेटला पोचेपर्यंत
आख्खं गोल फिरून झालं असतं,
मधे दोनदा चहा घेऊन.

मी गेले होते साखरवाल्यांबरोबर.
मांजरीचे तीन इंजिनिअर, शेजारच्या मोठ्या बेटावरचा कारखाना
आणि दोघांच्या मधे मी, दुभाषी,
मळीला जपानीत काय म्हणतात ते रात्रभर घोकणारी.
रविवारी यंत्रं बंद. इंजिनिअर झोपले.
मी पहिली बोट धरली.

धक्क्याजवळ मियाराबाईंचं सायकलींचं दुकान.
वय ऐंशीच्या पुढे, हातात पाना.
तासाला तीनशे येन.
नागनाथ पारापाशी तासाला आठ आणे मोजून
मी पडायला शिकले होते.
सीट खाली करून घेतली.
"कुठून आलात?"
"पुणे."
कानामागे तळवा धरून म्हणाल्या, "फुने?"
फुने म्हणजे होडी.
"होडीतून तर सगळेच येतात. गाव कुठलं?"
मी पुन्हा सांगितलं. पुन्हा होडी.
तिसऱ्यांदा मी हो म्हटलं.

रस्ते पांढरे, पोवळ्यांच्या चुऱ्याचे,
पहाटे कुणी झाडून ठेवलेले.
खराट्याच्या रेघांवरून चाक न्यायचं
म्हणजे परक्या दारातली रांगोळी मोडायची.
कडेकडेनं गेले.
कडेलाही रेघा होत्याच.

जास्वंद गडग्याबाहेर लोंबलेली,
दहा वाजून गेले तरी झाडावरच.
म्हणजे इथे पहाटे पिशवी घेऊन हिंडणारे काका नाहीत.
पपई होती, केळी होती, ऊसही होता थोडा,
मला उगीच कुणाकडे तरी जेवायला आल्यासारखं वाटलं.

प्रत्येक फाटकाच्या आत एक आडवी भिंत, सुटी.
भुतं सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही,
असं एका शाळकरी पोरानं सांगितलं.
आमच्याकडची उलट्या बाजूनं येतात, हॉर्न वाजवत,
हे त्याला सांगायला गेले.
वीस वर्षं भाषांतर करते,
ते वाक्य जमलं नाही.

गाडीला जुंपलेला रेडा कोपऱ्यावर आला,
गाडीवान गात होता, त्याचं लक्ष नव्हतं,
रेड्यानं स्वतःच मोठा वळसा घेतला,
मागचं चाक गडग्याला लागू नये एवढा.
"शहाणा रे बाबा," मी म्हटलं.
दिवसभरातलं तेवढंच मराठी.

दुपारी काही झालं नाही.
फुकटीच्या सावलीत बसले,
सरबताच्या ग्लासाचं पाणी टेबलावर पसरत गेलं,
ते बघत.

मग समुद्र.
तळहात वाळूवर दाबायचा, उचलायचा,
चिकटलेल्या कणांत पाच टोकांचा एक शोधायचा.
चांदण्या म्हणतात,
पण ती घरं आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची,
जीव गेल्यावर उरलेली.
पाटीवर लिहिलं होतं, नेऊ नका.
मी हात झटकले. दोन्ही, नीट.

शेवटच्या बोटीआधी सायकल परत केली.
मियाराबाईंनी चाक फिरवून पाहिलं,
वहीत काहीतरी लिहिलं,
उलट्या बाजूनं मला वाचता आलं:
होडीवरची बाई. ब्रेक ठीक.

पुण्यात महिन्यानं
जिन्याखालची जुनी सायकल ढकलत
खळदकरांकडे नेली.
दोन्ही टायर बदला म्हणाले, चेन गेली,
एवढ्यात नवी येईल ताई.
मी बूट काढून पाय चोळत होते,
शिवणीतून चिमूटभर पांढरं खाली सांडलं.
"वाळू? बांधकाम काढलंय का?"
नाही, म्हटलं.
"मग नदीची असणार."
आमच्या नदीत, पांढरी?
ते हसले. चेनला तेल घालत राहिले.
मी वाकून बघितलं, पाच टोकं दिसतात का.
चष्मा घरी राहिला होता.

संध्याकाळी कर्वे रस्त्यावर
पुढचं चाक खड्ड्यात गेलं,
आणि सबंध शहर, दिवे, दुकानं, उड्डाणपूल,
एकदा डावीकडे कललं.
मी हँडल घट्ट धरलं.