जप्तीची यादी

कोल्हापूरच्या दप्तरखान्यातून मी दोनच कागद आणले.
झेरॉक्स. पानाला दोन रुपये, माझ्याच पर्समधले.
पुस्तकात आमच्या गडावरच्या बंडाला दीड ओळ आहे,
त्यातली अर्धी
‘मोडून काढण्यात आले’ ही.

पहिला कागद साहेबाचा.
अक्षर आखीव, खाली लफ्फेदार सही :
या घराने महिनाभर आधीपासून
दारूगोळा साठवला, दाणागोटा हलवला,
बायकामुले रानात धाडली.
नववी ‘ब’ने माना हलवल्या.
सही असली की खरंच वाटतं.

दुसरा मोडीत.
कोपरा वाळवीने नेलेला, आणि तारीख त्या कोपऱ्यात.
मोडीत हात उचलत नाहीत, मी सांगितलं,
कारकून एका दमात अख्खं घर लिहून मोकळा होतो.
फळ्यावर एकेक शब्द सोडवत गेलो :

हंडा तांब्याचा एक, कान तुटका.
कोयती दोन.
पाटा आहे, वरवंटा नाही.
सुरंगीच्या कळ्या चटईवर, अर्धवट सुकलेल्या, पायली दीड.
कुत्रे एक.

कुत्र्यावर वर्ग खो खो हसला.
मग मनाली गिरप उभी राहिली,
हजेरीलाही जिचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जात नाही,
जिची आई मार्चात फटफटायच्या आधी झाडावर असते.
‘बाई, सुरंगी सुकाक चार दीस लागतत.
अर्धवट म्हंजे दोन.
म्हंजे ह्या शिगम्याच्या सुमारास झाला. आणि...’
तिने साहेबाचा कागद पुन्हा ओढून घेतला,
बोट ‘महिनाभर’वर ठेवलं.
‘आणि दोन दिसांआधी त्या घरात
कोणाकच कायच म्हायत नव्हतां.
पळाचा आसता, तर कळे कोण सुकत घालीत?’

मी खडू खाली ठेवला.
बारा वर्षं शिकवते. साहेबाविरुद्ध
झाडाची साक्ष काढावी, हे मला सुचलं नव्हतं.
‘उठाव फसण्याची कारणे लिहा’, चार गुण,
तसाच राहिला आणि घंटा झाली.

गृहपाठ दिला :
आपल्या घराची यादी करा, परक्याने करावी तशी.
आज जे आहे, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चव्वेचाळीस घरं.
बहुतेकांनी टीव्ही आधी लिहिलेला.
एकीने आजोबांचा चष्मा, काडी दोऱ्याने बांधलेली.
एकाने कर्जाचं पुस्तक लिहून खोडलेलं,
खोडलेलं वाचता येत होतं, मी वाचलं नाही.

सावियो आल्मेडाच्या पानाचा कोपरा फाटका.
‘वाळवी?’ मी विचारलं.
‘तारीख तुमी शोधा, बाई.’

होडी एक, झापांखाली.
जाळी माळ्यावर.
सुकी सुंगटं, डबे दोन, एक संपत आलेला.
पपा एक. घरी.