टिक

नलूताईंचा फोन:
"वायरस तर काढला बाप्पा,
मग नेट काऊन नाही येऊन राहिलं?"

सक्करदऱ्याहून निघालो तेव्हा अकरा वाजले होते
आणि डांबर आताच मऊ.
सिग्नलवर हिरव्या जाळीच्या सावलीसाठी
सगळे रेषेच्या कितीतरी आधी थांबलेले.

कोर्टामागच्या गाळ्यात कूलरचा पंप खरखरत होता,
वाळा अर्धा ओला, अर्धा करपलेला.
बाकावर तिघं, मांडीवर फायली,
पॉलिटेक्निकच्या फॉर्मची आज शेवटची तारीख.

तो आला होता कुणाच्यातरी पेनड्राइव्हमधून.
एका फोल्डरचे दोन झाले, दोनाचे चाळीस,
चाळीसही रिकामे.
ताईंच्या भाच्यानं रात्रभर बसून मारला.
तीनशे अकरा फायली.
आकडा त्यानं मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलाय,
शिकाऱ्यानं कातडं टांगावं तसा.

मी आधी वायर पाहिली.
आधी वायरच पाहायची असते.
राउटरचे चारही दिवे हिरवे.
काळ्या खिडकीतून पिंग सोडला:
चार गेले, चार परत आले,
वाटेत एकही हरवला नाही.
म्हणजे रस्ता होता.
ब्राउझर तेवढं म्हणत होतं, काही सापडत नाही.

बाकावरचा पोरगा उठून माझ्या खांद्यामागे आला.
"दादा, बंद करून चालू करा ना."
केलं.
त्याच्या समाधानासाठी, थोडं माझ्याही.

डीएनएसचा साठा धुतला. विनसॉक परत बसवला.
होस्ट्स फाइल उघडली, आत कुणी लपलेलं नव्हतं.
तेवढ्यात पोहे आले,
तर्री कागदातून बोटांवर उतरली,
मग डाव्या हाताच्या करंगळीनं
मी ते पान उघडलं जे पहिल्यांदाच उघडायला हवं होतं.

प्रॉक्सी: चालू.
पत्ता: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.

"हा कुठला पत्ता रे?"
म्हटलं, याचाच. हे मशीन स्वतः.
झिरो माइलच्या खांबाला टेकून
कुणी विचारावं, नागपूर किती लांब आहे हो,
तसं.

तो होता तोवर प्रत्येक निरोप
आधी त्याच्या हाती जायचा.
तो फोडायचा, वाचायचा,
पण पुढे पोचवायचा.
आता आत कुणी नाही
आणि मशीन त्याच खोलीची कडी वाजवत उभं.

ताई चष्मा वर करून म्हणाल्या,
"म्हणजे तो मेला तरी त्याचंच ऐकून राहिलं?"
कुणी सांगितलं नाही ना त्याला, मी म्हटलं.

टिक काढली.
चौकट रिकामी.
पान वरून खाली भरत आलं,
आधी निळी पट्टी, मग सिंह,
मग नाव लिहायची जागा.

बाकावरचा पोरगा टाळी वाजवता वाजवता थांबला
आणि त्यानं हात खिशात घातले.

पहिला फॉर्म त्याचाच. रोशन गणपत बावणे.
उत्पन्न, पिनकोड, दहावीचे टक्के.
ताईंची बोटं पावसासारखी नाही,
खिळे ठोकल्यासारखी पडतात,
आणि ओळ संपली
की त्यांचा डावा हात आपसूक वर जातो,
हवेतली एक दांडी उजवीकडे लोटतो
आणि परत येऊन बसतो.

रेमिंग्टन विकून चौदा वर्षं झाली.
लोखंडाच्या भावानं गेलं, इतवारीत.

मी पाहत होतो.
ती टिक कुठल्या पानावर असते मला ठाऊक नाही,
असती तरी हात लावला नसता.

दोनशे सांगितले.
ताईंनी दीडशे काढले, नोटा दोनदा मोजल्या:
"एक टिक तर काढली ना रे, मोरेश्वर,
पोहेबी खाल्ले."