इसम सापडत नाही

देगलूर रोडवरून रिक्षात, चादरीत गुंडाळून
मन्मथ बिरादारांनी आणला सीपीयू,
मांडीवर, दोन्ही हातांनी धरून,
आजारी करडू दवाखान्यात आणावं तसा.

काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.
त्याखाली लुकलुकती रेघ,
पुढं काहीच न बोलणारी.

"चौबाऱ्यावरचा पोरगा म्हणला, फॉरमॅट मारू,
अर्ध्या तासात नव्यासारखा करून देतो.
मी म्हणलं, मला नवा कशाला पायजे बाबा?"

बत्तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी
तोंडार, हाळी, वाढवणा, सायकलवर.
दारात पत्र दिलं की
त्या दारातून एक शब्द उचलायचा.
इरजिक. येळवस. माळवद. बळद.
काही कानडीतून कुंपण ओलांडून आलेले,
काही तेलुगूतून,
एक आमच्या घरचा, दखनी, काईकू.
सहा हजार चारशे शब्द
एका बोटानं टाईप केलेले, एकोणीस वर्षं.

मी विचारलं, "बॅकअप?"
"म्हणजे?"
तो शब्द यादीत नव्हता.

डबा उघडून हार्डडिस्कला कान लावला.
फिरत होती. टकटक नव्हती.
म्हटलं, काका, घर शाबूत आहे,
दारावरचा नंबर तेवढा पुसलाय,
म्हणून मशीन गल्लीतूनच माघारी फिरतंय.

ते पहिल्यांदा हसले.
"म्हणजे इसम सापडत नाही.
हा शेरा लिफाफ्यावर मी हजारदा मारलाय, नसरीन.
बऱ्याचदा इसम तिथंच असायचा,
मागच्या गल्लीत, दुसऱ्या नावानं.
पण म्हणून पत्र कधी फाडलं नाही."

पेनड्राईव्हवरून एक परकी सिस्टीम चढवली
आणि तिला बजावलं:
फक्त वाचायचं. लिहायचं नाही, एक अक्षरसुद्धा.
बिरादार म्हणाले, आमचं उलटं होतं,
पोचवायचं, वाचायचं नाही.

एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टर ओरडायला लागला.
पंखा बंद केला, ट्यूब बंद केली,
शेजारच्या झेरॉक्सवाल्याची वायर काढली न विचारता.
अंधारात आम्ही दोघं
एका हिरव्या पट्टीकडं बघत बसलो,
दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तसे.

शंभर.

फाईल उघडली, आणि
डॉलर, कंस, स्वल्पविराम, तुटके इंग्रजी तुकडे.
पानामागून पान. इरजिक नाही, येळवस नाही.
बिरादारांनी चष्मा काढून पुसला,
परत घातला, परत पुसला.

फाईल धड होती.
लिपी मागं राहिली होती,
कुणाच्या तरी डीटीपीतून आणलेला जुना फॉन्ट,
त्या बंद पडलेल्या सिस्टीमच्या पोटात.
मी परत आत गेले.
जेमतेम ऐंशी केबीचा. उचलून आणला.
तेव्हा कुठं शब्दांना काना फुटला,
मात्रा बसली,
आणि माळवद पुन्हा माळवदासारखं दिसायला लागलं.

यानंतरच मूळ दुखण्याला हात लावला.
तीन ओळींच्या आज्ञा, दारावर परत नंबर.
सुरू व्हायला चार मिनिटं लागली.
आधी पण एवढीच लागायची म्हणाले, समाधानानं.

साडेतीनशे रुपये. दोन पेनड्राईव्ह वेगळे.
"एक तुझ्याकडंच राहू दे,
माझ्याकडं उंदरं हायत."

जाताना विचारलं, बॅकअपला तुमच्यात काय म्हणतात?
बॅकअपच, मी म्हटलं.
त्यांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं
सहा हजार चारशे एक,
पुढं शब्द,
आणि अर्थाची जागा कोरी सोडली.

चादर इथंच विसरली आहे.